मेंढरांना घातलेली हाळी

नव्वदचं दशक सरताना विश्रामबागेतल्या माझ्या दुकानात मी जुन्या कॅसेटी कंप्युटरवर उतरवून सीडी करून द्यायचो. एकदा एक म्हातारा धनगर वारलेल्या भावाच्या आवाजाची कॅसेट घेऊन आला. खुर्ची दिली तरी बसेना. काठी या हातातून त्या हातात घेत सारखा दारापर्यंत जाई नि परत येई.

“आवाज कायमचा ऱ्हाईल न्हवं?”

“राहील की. एमपीथ्री करतो, जागा कमी लागते. माणसाच्या कानाला जाणवत नाही तेवढाच आवाज त्यात गाळला जातो.”

तो जागच्या जागी थांबला.

“आवं, ही हाळी भाऊ मेंढरांस्नी घालायचा. त्यास्नी काय आयकू येतं, तुमास्नी काय ठावं?”

मी एमपीथ्री न करता, काहीही न गाळता त्याची अख्खी फाइल सीडीवर उतरवली. तोवर कितीतरी आवाज मी गाळून दिले होते, आणि मूळ कॅसेटी लोकांनी माझ्याच सांगण्यावरून टाकून दिल्या होत्या.