वर आलेलं झाकण

परसातल्या टोमॅटोंचा रस यंदा मी पहिल्यांदाच उकळलेल्या बाटल्यांत भरून ठेवला. बाटल्या गार होताना एकेक झाकण टक् करून आत बसत होतं आणि मी उगीचच हसत होते. एक बाटली लेक नातीच्या सूपसाठी घेऊन गेली.

आज कपाट आवरताना एका बाटलीवर सहज अंगठा दाबला. पक्कं बसलेलं झाकण हलत नाही. हे खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. आतला रस मात्र तसाच लालभडक. लेकीची बाटलीही याच घाण्यातली.

आईच्या लोणच्याला बुरशी आली की ती वर दिसायची. बंद बाटलीत रस नासून होणारं विष म्हणे दिसत नाही, त्याला वासही येत नाही. मायेनं दिलेलं आपण कुठे दाबून बघतो?

लगेच लेकीला फोन लावला. "अगं, बाटली उघडताना टक् वाजलं का?"

"लक्ष नव्हतं गं आई. पण ऐक ना, एरवी एक घास न घेणाऱ्या तुझ्या नातीनं आज सूपची वाटी चाटूनपुसून संपवली!"