थोरल्याला बोलवायला कोणी गेलं नाही

दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहून लोक कंपाउंडरना जे विचारत, तेच ते रविवारी चर्चच्या मागच्या बाकाशीही विचारत. "म्हणजे नेमकं काय म्हणाले हो ते?" दवाखान्यात 'ते' म्हणजे डॉक्टर आणि चर्चमध्ये 'ते' म्हणजे पाळक. दोघेही विद्वान, आणि दोघांचंही बोलणं ऐकताना पटायचं पण बाहेर येईपर्यंत हवेत विरून जायचं. मग माणूस खिडकीशी यायचा. कंपाउंडर पुड्या बांधता बांधता सांगत, "जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे." आणि मागच्या बाकावर, तितक्याच शांतपणे, बायबलातला योना माशाच्या पोटात तीन दिवस काय करत असेल ते.

त्यांची थोरली मुलगी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेली आहे. दवाखान्याच्या जागी चष्म्यांचं दुकान झालंय, टेलिफोन एक्स्चेंजची इमारत रिकामी पडून आहे. तिथून जाताना ती अजूनही दुकानाच्या भिंतीकडे बघते आणि खिडकी कुठवर होती त्याचा अंदाज घेते. खिडकी मुद्दाम खाली बसवलेली होती, म्हाताऱ्यांना बाटलीसाठी हात वर करायला लागू नये म्हणून. त्यापायी कंपाउंडरना दिवसभर वाकून बोलावं लागे, आणि पुढे पुढे ते रस्त्यानेही तसेच किंचित वाकून चालायचे. त्या वाकलेल्या माणसाची तिला आजही फार आठवण येते.

बायबलविषयी प्रश्न विचारायला लोक रविवारी इतकी गर्दी करू लागले, की पाळकांनीच शेवटी बुधवारची संध्याकाळ कंपाउंडरना देऊन टाकली. दारापाशी एक पेटी ठेवली. दवाखान्यात कापूस यायचा त्या खोक्याला वरून चीर पाडलेली. ज्याला वचनातलं काही कळलं नसेल त्याने चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. पण गाव एवढंसं, की नाव नसलं म्हणून काय झालं? पहिल्याच महिन्यात एका बाईने विचारलं, नवरा दारू पिऊन मारत असेल तरी त्याच्या अधीन राहायचं का. कंपाउंडरनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, पुढच्या बाकावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी मान लांब करून अक्षर ओळखलं, आणि त्यांच्या तोंडून ते बायकोच्या कानी आणि तिथून गावभर झालं. ती बाई तीन महिने चर्चकडे फिरकली नाही.

कंपाउंडर त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला. पेटी थोरलीने उघडायची, सगळ्या चिठ्ठ्या आपल्या अक्षरात एका कागदावर उतरवायच्या आणि मूळ चिठ्ठ्या चुलीत टाकायच्या. कंपाउंडरनी स्वतःही त्या बघायच्या नाहीत. तेव्हा थोरली चौदा वर्षांची होती. तिच्या पोटात गोष्ट राहते, हे तिच्या बापाला बरोबर ठाऊक होतं.

काय काय प्रश्न यायचे. जगात फक्त आदाम-हव्वेचंच कुटुंब होतं तर त्यांच्या काइनला बायको कुठून मिळाली, हा दरवर्षी न चुकता यायचा. कंपाउंडर म्हणायचे, "त्या लग्नाचं मला आमंत्रण नव्हतं," आणि लोक हसून झाले की मग नीट सांगायचे. येशूने फळ नसलेल्या अंजिराच्या झाडाला शाप दिला, याचा नगरपालिकेच्या बागेतल्या माळ्याला भारी राग होता. मोसमच नव्हता तर झाडाचा काय दोष, हे त्याने चार वेळा विचारलं आणि चारही उत्तरं त्याला पटली नाहीत. बायकांच्या बाजूने दर तीन महिन्यांनी मार्थाचा प्रश्न यायचा, बहीण येशूच्या पायाशी बसून राहिली आणि जी एकटी राबली तिचा. सगळ्याच गुरूच्या पायाशी बसल्या तर स्वयंपाक कोण करणार होतं? कंपाउंडर सांगायचे, "येशू तिला रागावले कुठे? तिला नावाने दोनदा हाक मारली. दोनदा हाक मारणारा माणूस रागावलेला नसतो, काळजीत असतो." हे ऐकून बेकरीवालीने पदराने, म्हणजे एप्रनच्याच टोकाने, डोळे पुसले होते. ती दुकानातून तशीच आली होती.

खिडकीवरची एक सवय त्यांनी बुधवारीही सोडली नाही. पोटात दुखतंय म्हणून येणाऱ्याचं नेहमी पोटच दुखत असतं असं नाही, हे ते जाणून होते. प्रश्न वाचला की ते दोन क्षण थांबत आणि मग विचारणाऱ्याचं कुठे दुखत असेल तिकडे बघून उत्तर देत. म्हणून तर लोक यायचे. हेडमास्तरांना मूळ भाषेतले शब्द येत होते, पण त्यांना कोणी काही विचारत नसे.

थोरली एकोणीस वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतर दोनच वर्षांत धाकटा भाऊ बापाशी भांडून घर सोडून गेला. त्याला औषधांच्या वासात आयुष्य काढायचं नव्हतं, एवढंच कारण. सहा वर्षांत त्याची दोन पत्रं आली, दोन्हींवर पत्ता नव्हता. थोरली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. दिवसभर बोर्डासमोर बसायचं, दिवा लागला की "नंबर सांगा" म्हणायचं, पिन लावायची, कान काढून घ्यायचा. संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक, मंगळवारी चिठ्ठ्या. शहरातल्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये बदलीची संधी दोनदा आली आणि दोनदा तिने नाही म्हटलं. बाबांकडे कोण बघणार?

आणि एका शनिवारी दुपारी दवाखान्याचा दिवा लागला. बाबांचाच आवाज. "बेकरी दे गं." तिने दिली. पाच मिनिटांनी पुन्हा. "आता पाळकांचं घर." तेही दिलं. मग तिसऱ्यांदा, "फोटोवाला दुकानात आहे का बघ." तिला वाटलं चर्चचं काही असेल. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही हा तिथला नियम, आणि ती तो बापाच्या बाबतीतही पाळायची.

सहा वाजता ती गल्लीत शिरली तेव्हा घरातून गाण्याचा आवाज येत होता. दाराबाहेर दहा-बारा जोडी बूट. ती फाटकातच थबकली. शेजारच्या काकू रिकामं भांडं घेऊन बाहेर येत होत्या, त्यांना तिने विचारलं, "आमच्याकडे काय आहे?"

"अगं, तुला माहीत नाही?" काकू म्हणाल्या. "धाकटा आला ना तुझा. दुपारीच."

आत केक कापून झाला होता. फोटोही काढून झाला होता. बाबा, धाकटा, पाळक, बेकरीवाली, काकू. धाकटा वाळला होता आणि तिला बघून रडला. तीही रडली, अगदी मनापासून. बाबा इतके खूष होते की त्यांनी तिच्या हातातली पिशवीसुद्धा बघितली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि पातेली घासायला घेतली.

धाकट्याचा तिला राग नव्हता, हे इथे सांगायला हवं, कारण गावाने पुढे तसं उठवलं होतं. बापाने तिचा आवाज तीनदा कानाने ऐकला आणि एकदाही सांगितलं नाही की तुझा भाऊ आलाय, हे तिला गिळवत नव्हतं. बोलून दाखवावं तर ती म्हातारी झालेली लहान मुलगी वाटली असती. महिनाभर ती गप्प राहिली. तेवढ्यात बदलीचं पत्र तिसऱ्यांदा आलं. या वेळी ती जाणार होती. पण जाण्याआधी बाबांना कळायला हवं होतं, आणि ते तिने सांगून नव्हे, त्यांचं त्यांना. नाहीतर ती मनात गाठ घेऊन गेली असती, आणि आपल्या गाठी लवकर सुटत नाहीत हे तिला चांगलं माहीत होतं.

मंगळवारी पेटीत पाच चिठ्ठ्या निघाल्या. तिने कागदावर सहा प्रश्न लिहिले. सगळेच तिच्या अक्षरात, त्यामुळे सहावा कुणाचा ते ओळखायची सोय नव्हती.

बुधवारी कंपाउंडरनी तो वाचला. "येशूने सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे त्या गोष्टीत, उधळा मुलगा परत आला, घरात मेजवानी सुरू झाली. थोरला शेतातून येतो, गाण्याचा आवाज ऐकतो आणि नोकराला विचारतो, काय चाललंय. मग त्याला शेतात निरोप द्यायला कोणीच का गेलं नाही?"

ते नेहमीसारखे थांबले नाहीत. महिनाभर ते आनंदात तरंगतच होते. "सोपं आहे," ते हसून म्हणाले. "बाप आनंदाने वेडा झाला होता. आणि थोरला तर घरचाच. घरच्या माणसाला काय बोलवायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरली शेवटच्या बाकावर बसली होती. घरी जाऊन तिने बदलीच्या कागदावर सही केली आणि सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवून आली.

त्याच गुरुवारी, अकराच्या सुमाराला, दवाखान्याचा दिवा लागला. "नंबर सांगा," ती म्हणाली. पलीकडे कोणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. "नंबर सांगा," ती पुन्हा म्हणाली. मग दिवा विझला. कुणा पेशंटच्या पोराने उचलला असेल, असं समजून ती पुढच्या दिव्याकडे वळली.

पुढच्या मंगळवारी पेटीतून सात चिठ्ठ्या निघाल्या. सातवी पुड्या बांधायच्या कागदावर होती. अक्षर बाटल्यांवरच्या लेबलांचं, सबंध गावाच्या फडताळांत असलेलं, आणि ते लपवायचा काडीचाही प्रयत्न केलेला नव्हता. 'बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो, इथवर लिहिलं आहे. पुढे थोरला आत गेला की नाही?'

थोरली चुलीपाशी बराच वेळ बसून राहिली. या चिठ्ठ्या तिच्याशिवाय कोणी बघत नाही, हे माहीत असणाऱ्या माणसानेच ती टाकली होती. ही एक न उतरवता चुलीत गेली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. तिला रडू आलं, आणि रडता रडताच रागही आला. सगळ्यांसमोर म्हणालात ना, घरच्या माणसाला काय बोलवायचं? मग आता सगळ्यांसमोरच द्या उत्तर. तिने सातवा प्रश्न शब्दाला शब्द उतरवला.

बुधवारी सहा प्रश्न झाले. सातव्यापाशी कंपाउंडर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"याच्या आधी मला मागच्या बुधवारचं उत्तर परत घ्यायचंय," ते म्हणाले. "मी म्हटलं, घरच्या माणसाला काय बोलवायचं. चुकीचं सांगितलं. बाप नोकरांना म्हणतो झगा आणा, अंगठी आणा, वासरू आणा. एवढी माणसं धावत होती. त्यातला एक शेताकडे पाठवला असता तर काय बिघडलं असतं? आधी त्यालाच सांगायला हवं होतं. इतकी वर्षं त्याने दार धरून ठेवलं म्हणून तर धाकट्याला परत यायला घर उरलं. बाप चुकला."

हेडमास्तर ताडकन उभे राहिले. "कंपाउंडर, अहो दाखल्यातला बाप म्हणजे परमेश्वर. परमेश्वर चुकला म्हणता?"

"परमेश्वराचं पाळक सांगतील," कंपाउंडर म्हणाले. "मी बापाचं सांगतोय."

पाळक खोकले. धाकट्याने मान खाली घातली. हेडमास्तर बसले, पण पुढे वर्षभर ते या उत्तराविरुद्ध बोलत राहिले, आणि शास्त्राप्रमाणे त्यांचंच बरोबर असावं.

"आणि थोरला आत गेला का?" माळ्याने मागून विचारलं.

"ते लिहिलेलं नाही. बाप बाहेर उभा आहे, तिथे दाखला थांबतो. थोरल्याला हवा तेवढा वेळ दिलाय, असं मी समजतो."

घरी जाताना धाकटा पुढे गेला, त्या दिवशी स्वयंपाक त्याच्याकडे होता. बापलेक मागे राहिली.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"गुरुवारी. डॉक्टरांच्या घरी लावायचा होता. फोन उचलला आणि तू म्हणालीस, नंबर सांगा." ते चालायचे थांबले. "त्या शनिवारीही तू तीनदा विचारलं होतंस गं. आणि मी तुला तीनदा नंबरच सांगितला."

थोरली म्हणाली, "मी बदलीवर सही केलीय, बाबा."

"जा. दोनदा माझ्यापायी राहिलीस, तेव्हाच जायला हवं होतं. फक्त रागाने जाऊ नकोस."

"थोडा आहे अजून."

"असू दे," ते म्हणाले.

फाटकातून ती पुढे झाली. घरात काहीतरी करपल्याचा वास येत होता आणि धाकटा पातेल्यात पाणी ओतून ते झाकायच्या खटपटीत होता. तिने त्याच्या हातातून पळी घेतली, आच कमी केली, न करपलेले बटाटे वरून काढून घेतले. तीन ताटं मांडून झाली तरी बाबांचा पत्ता नव्हता. तिने खिडकीतून बघितलं. म्हातारा फाटकापाशीच उभा होता, किंचित वाकून, टोपी हातात घेऊन.

तिने खिडकी उघडली. "बाबा, आत या. का तुम्हाला बोलवायलाही कोणाला पाठवू?"