गणपतीपुढची जादू

मंडळाच्या सभेत काकांनी माझं नाव सांगून टाकलं, तेव्हा मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. कप वाजू लागले म्हणून ट्रे खाली ठेवला.

गणेशोत्सवात शनिवारी ज्यांचं गाणं होतं त्या बाईंचा घसा बसला होता. पुण्याहून नव्याने आलेल्या, सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलांचं म्हणणं पडलं की ऑर्केस्ट्रा बोलवू. काका सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सगळं आयुष्य बेंगळुरूत गेलेलं. ते म्हणाले, "बाहेरचं कशाला? आमच्याकडे राहतो ना, तो मुलगा नाण्यांची जादू करतो."

"वाढदिवसाला करतात तसली का, काका?" एकाने विचारलं. बाकीचे हसले.

"स्वल्प थांब, जरा धीर धर. शनिवारी बघशील."

काकांनी माझी जादू पाहिलेलीच नव्हती. पाहिली होती काकूंनी, एकदा, गवार मोडता मोडता. त्यांच्या सांगण्यावर काकांनी एवढ्या लोकांत शब्द देऊन टाकला होता.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं. आमच्या गावच्या शाळेतल्या सरांची आणि काकांची जुनी ओळख, तेवढ्यावर त्यांनी मला हेब्बाळच्या घरात माडीवरची खोली दिली. पहिल्या दिवशी कंपनीच्या बसपर्यंत स्वतः आले आणि ड्रायव्हरला कन्नडात माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. त्यानंतर तो ड्रायव्हर मला उशीर झाला तरी थांबायचा. अशा माणसाची मान माझ्यामुळे खाली जाईल, या विचाराने त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

जादू मला आमच्या विभागाच्या साहेबांनी शिकवली होती. सोमवारच्या बैठकीत बोलायची पाळी आली की माझे हात थरथरत, मी ते टेबलाखाली दाबून धरी. साहेबांच्या ते लक्षात आलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे एक रुपया ठेवला. "हातांना काहीतरी काम द्या," म्हणाले.

काम दिसायला सोपं. उजव्या हातातला रुपया डाव्या मुठीत ठेवल्यासारखं करायचं, पण ठेवायचा नाही. तो उजव्याच तळव्याच्या खळग्यात धरून राहायचा आणि हात सैल दिसला पाहिजे. मग डावी मूठ उघडायची. जुना मोठा रुपया तळव्यात चांगला बसतो, नवा लहान निसटतो. घाम आला तर दोन्ही निसटतात.

"नजर डाव्या मुठीवर ठेवा," साहेब सांगत. "तुम्ही बघाल तिकडे लोक बघतात."

"आणि खाली पडला तर?"

"बूट ठेवायचा त्याच्यावर. खिशातून दुसरा काढायचा. बोलणं थांबवायचं नाही."

"पैशावर पाय ठेवायचा, सर?"

ते हसले. "मग पाडू नका."

बसमध्ये जाता-येता खिशात हात घालून मी सराव करत असे. सभेनंतर तर झोपेतसुद्धा बोटं वळत असावीत, सकाळी अंगठा दुखायचा.

शनिवारी हॉल भरला. व्यासपीठ गणपतीच्या मखरालाच लागून होतं, तेव्हा बूट बाहेर काढावे लागले. अनवाणी उभं राहिल्यावर फळ्या तळव्यांना गार लागल्या आणि हातांना मात्र घाम फुटला. पहिल्या रांगेतल्या एका आजींकडे मी रुपया मागितला. त्यांनी बटव्यातून जुना मोठा रुपया काढला, तेव्हा जरा धीर आला. रुपया नाहीसा झाला, एका मुलीच्या कानामागून निघाला, टाळ्या पडल्या. तिथेच थांबायला हवं होतं.

"परत करा ना. हळू करा या वेळी." सभेत हसला होता तोच मुलगा मागून म्हणाला.

नाही म्हणायला मला सुचलं नाही. मी परत केलं, आणि रुपया तळव्यातून घसरला. फळीवर खणकन वाजला आणि घरंगळत निघाला. माझा पाय आपोआप पुढे गेला आणि त्याच्यावर पडला.

"अरे, पाय लागला बाळा," आजी म्हणाल्या.

मी वाकलो, रुपया उचलला आणि दोन्ही डोळ्यांना लावला. तो जादूचा भाग नव्हता. लहानपणापासून पाय लागला की हेच करत आलो, तेच झालं. आजींनीही हात जोडले. त्यांच्या शेजारच्या बायकांनी मखराकडे पाहून नमस्कार केला. मीही तिकडेच बघत होतो. माझा उजवा हात डाव्या मुठीकडे गेला आणि परत आला, तो केवळ सवयीने. माझ्यासकट कुणाचंच लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मग मी डावी मूठ उघडली. ती रिकामी होती.

मागून "आयला" असं ऐकू आलं, तशा आजी वळून त्या मुलाकडे बघायला लागल्या.

"माझा रुपया कुठाय पण?" त्यांनी मला विचारलं. मी तो त्यांच्या बटव्याच्या मागून काढून दिला. आता टाळ्या थांबेनात.

मी काकांना शोधलं. काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"तुझं नाव पुकारलं तसे उठले ते," काकू म्हणाल्या. "बाहेर चपलांपाशी असतील बघ."

काका खरंच तिथे होते. वाकून लोकांच्या चपला जोडीने लावत होते. वर न बघताच म्हणाले, "काहीतरी पडलं का रे? आवाज आला."

"पडलं, काका."

"मग?"

"मग झालं नीट. टाळ्या ऐकल्या नाहीत का?"

"टाळ्या काय, लोक कशालाही वाजवतात." ते कंबरेवर हात ठेवून सरळ झाले. "मला दाखव."

मी खिशातला रुपया काढला. व्यासपीठावर थरथरले नव्हते इतके हात आता थरथरत होते, आणि ते लपवायला इथे टेबल नव्हतं. रुपया डाव्या मुठीत ठेवल्यासारखं केलं. काका मुठीकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मूठ उघडली तेव्हा त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि माझी रिकामी बोटं आपल्या हाताने पुन्हा मिटवली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आता आत चल. आणि मी कुठे होतो म्हणून कुणी विचारलं, तर पहिल्या रांगेत होतो म्हणून सांग."