सलग ओढलेली रेघ

हे मी घरी कधी बोललो नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये मला चांगले मार्क होते. चूक माझी होती — हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा आडवळणाला लागेन.

नव्वदच्या दशकातलं वर्धा. वडिलांचं कापडाचं दुकान, आणि मी कॉलेजात नवा. ठोकळ्याचं चित्र समोर असायचं. तो वरून कसा दिसेल, बाजूने कसा — मला काही केल्या दिसायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या वसंताला दिसायचं. जवळच्या आंजी गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा, बहुतेक.

सबमिशनच्या आदल्या दिवशी मी त्याची शीट मागितली.

"घेऊन जाय शेठ," तो म्हणाला, "पण काचेवर मारू नको. समजून काढजो. नाई समजलं तं मले विचारजो."

घरी गेलो आणि खिडकीच्या काचेवर त्याची शीट चिकटवली. वर कोरा कागद, मागून दुपारचं ऊन. तासाभरात गिरवून झालं.

ठोकळ्याच्या आतलं भोक बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच्या कडा तुटक रेघेने दाखवतात. वसंताकडून एक कड सलग ओढली गेली होती. मीही सलगच ओढली. समजलं असतं, तर ओढली असती का?

दोन शीट, चूक एकच. ड्रॉइंगच्या सरांनी दोघांना उभं करून विचारलं, कोणी कोणाची उतरवली? माझी शीट स्वच्छ. वसंताच्या शीटवर आखणीच्या फिकट रेघा, खोडरबराचे डाग — खरं काम केल्याच्या खुणा. पण सर चिडलेले होते; त्यांना स्वच्छ शीटच खरी वाटली. वसंता माझ्याकडे बघत राहिला, मी टेबलाला लावलेल्या मिनीड्राफ्टरचा, रेघा आखायच्या पट्टीचा, स्क्रू आवळत राहिलो. सरांनी त्याची शीट टराटरा फाडली. आठ दिवसांत सगळ्या शीट पुन्हा काढ, नाहीतर टर्म नाही, म्हणजे परीक्षेला बसणं नाही.

इथवरचं वसंताला माहीत होतं. पुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एकट्याला बोलावलं. राग उतरला होता. "खरं सांग बाबू. तुला काही करत नाही. त्याची टर्म मी आत्ताच मंजूर करतो."

म्हणजे शिक्षेची भीतीही उरली नव्हती. तरी मी म्हणालो — माझीच आहे, सर.

का? 

वसंताच्या चार शीट राहिल्या. टर्म मिळाली नाही, वर्ष गेलं. पुढे तो आमच्या ज्युनिअर मुलांत बसायचा. जिन्यात भेटला की "काय शेठ" म्हणून बाजूला व्हायचा.

दहा-बारा वर्षांनी मी नोकरीच्या गावाहून मुद्दाम त्याच्याकडे गेलो. वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेत तो घरांचे नकाशे काढून द्यायचा. काचेचं सांगितलं, तर हसला. "ते तं मले तवाच मालूम होतं लेका! याच्यासाठी आला काय इतक्या दूर?"

मग सरांनी बोलावल्याचं सांगितलं. त्याने हातातली पेन्सिल नकाशावर आडवी ठेवली.

"सरांनी इचारलं होतं तुले?"

"हो. एकट्याला. मी खोटं बोललो. तुझं वर्ष मी घालवलं, वसंता. माझं चुकलं."