खर्जबाईच्या हलक्या तारा

माझी धाकटी बहीण बेस गिटार वाजवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "या वयात?" या वयात सुरू केलं नाही हो. सुरू तरुणपणीच केलं, वय मागाहून आलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि ती गाण्याच्या तळाशी चालते. वाजत असते तोवर कुणाचं तिच्याकडे लक्ष नसतं, थांबली की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. म्हणून बँडमधले लोक बहिणीला खर्जबाई म्हणतात. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काड्या सरळ करते, बारके स्क्रू पिळते, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये वाजवते. तिनं लग्न केलं नाही, माझे यजमान गेले. दोघी एका घरात राहतो, सकाळी भांडतो आणि जेवणापर्यंत समेट करतो, कारण वाढणारं दुसरं कुणी नाही.

आमच्या माहेरी हलकं काही आणायची पद्धतच नव्हती. पातेली जाड, पांघरुणं जाड, दारं अशी की पाहुणा ती लोटूनच दमायचा. वडील स्वतः बेस वाजवायचे आणि मिळतील त्यात सगळ्यात जाड तारा लावायचे. "तारेनं बोटाला भ्यायला हवं," म्हणायचे. ते गेले, तरी हिनं तारांची जात बदलली नाही. कुणी सुचवलं तर म्हणायची, "हलक्या तारा? त्यापेक्षा रबर लावते."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ती बरणीचं झाकण उघडत होती. बरणी डाव्या हातातून सुटली आणि फुटली. मी ओरडले. एरवी ती उलटून बोलली असती. त्या दिवशी तिनं काचाही उचलल्या नाहीत. नुसती हाताकडे बघत राहिली.

"करंगळी उठत नाहीये, ताई. शेजारचंही बोट बधिर आहे."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"आणि मला आज सांगतेस?"

"आज बरणी फुटली म्हणून सांगितलं."

डॉक्टरांनी तिच्या हातात पकड मोजायची एक दांडी दिली आणि म्हणाले, दाबा. वरचा काटा जेमतेम हलला. नस दाबली जातेय, हाताचा ताण कमी करा, पुढच्या तपासणीत पकड आणखी घटलेली दिसली तर गिटार बंद. मग म्हणाले, "वाजवायलाच हवं असं आहे का?"

बहीण म्हणाली, "तुम्ही तपासायलाच हवं असं आहे का?"

डॉक्टर भला माणूस, हसला. मला मात्र हसू येईना. घरी येताना रस्ताभर ती ओव्हरकोटाच्या खिशात बोटं उघडमीट करत होती, ते मला बाहेरून दिसत होतं.

बँडमध्ये सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं. बँडचा प्रमुख म्हणजे मास्तर. कीबोर्ड वाजवतो, आवाजाची सगळी बटणं स्वतःच्या हाताशी ठेवतो. माणूस वाईट नाही, पण त्याला दया फार लवकर येते आणि निर्णय त्याहून लवकर. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले तेव्हा मास्तरनं त्याच्याबद्दल इतकं गोड भाषण केलं की बिचाऱ्याला घरी गेल्यावर कळलं, आपल्याला काढलं.

म्हणून हिनं गुपचूप एक शक्कल काढली. नव्या तारा घ्यायच्याच नाहीत. त्याच जाड तारा सैल करायच्या, म्हणजे सगळा सूर खाली उतरवायचा, आणि वाजवताना प्रत्येक जागी गिटारच्या मानेवर दोन घरं पुढे बोट ठेवायचं. ऐकणाऱ्याला सूर तोच, बोटाला ओढ कमी. मला समजावून सांगितलं तेव्हा मीही म्हटलं, वा! शिकलेल्या बाईलाही मूर्ख कल्पना शहाणी वाटू शकते, फक्त ती आत्मविश्वासानं सांगायला हवी.

हात सुधारला नाही. उलट कार्यक्रमाहून आली की ती डावा हात उशीवर ठेवून बसायची, आणि मी काही विचारायच्या आत म्हणायची, "ठीक आहे गं." तपासणीचा दिवस जवळ येत होता. मी सकाळी तिच्या आधी उठून बरण्यांची झाकणं सैल करून ठेवू लागले. हे तिला कळलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.

एका दुपारी, ती दुकानात असताना, बँडचा ड्रमवाला आला. त्याला सगळे भूकंप म्हणतात. वाजवतो जोरात म्हणून, आणि बसतो तेव्हा आमची खुर्ची हलते म्हणूनही.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकून ठरवीन."

"मी कान तपासून आलो."

"मग?"

"कान ठणठणीत आहेत म्हणे."

"मग तोंड असं का केलंयस?"

"म्हणून तर केलंय! कान चांगले आहेत, तर मला खर्ज का ऐकू येत नाही? येतो, थरथरतो, जातो. सूर जागेवर बसतच नाही. मला वाटलं मीच बुडवतोय तिला, म्हणून हळू वाजवलं. तर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, भूकंपा, झोपलास का रे? ताई, मला रात्री झोप नाही हो. मी बहिरा झालो तर काय करू? मला दुसरं काही येत नाही."

मी वचनात अडकलेली. चहा दिला, बिस्किटं दिली, हवापाण्याचं बोलले. पण एक चांगला माणूस माझ्यासमोर बहिरेपणाच्या भीतीनं बिस्किट बुडवायचं विसरला होता, आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. तेवढ्यात दार उघडून बहीणच आली.

मी म्हटलं, "हा कान तपासून आलाय. आता तू सांगतेस की मी सांगू?"

तिनं पर्स ठेवली, खाली बसली आणि सांगितलं. बधिर बोटं, डॉक्टर, सैल तारा, सगळं. भूकंप आधी सुटल्यासारखा हसला आणि मग भडकला.

"इतकी वर्षं माझ्या शेजारी वाजवतेस, आणि मला सांगितलं नाहीस? मी कानात थेंब घालतोय गं!"

"तू मास्तरच्या कानात ओतलं असतंस."

"ओतलं असतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग तिच्या डाव्या हाताकडे बघू लागला. "थांब. म्हणून तू हात झटकत नाहीस."

"कुठला हात?"

"डावा. मोकळी तार छेडलीस की तू डावा हात झटकायचीस. कायम. त्यावरच तर मी ठोका धरतो. हल्ली झटकतच नाहीस, म्हणून मी चाचपडतोय."

बहिणीनं गिटार काढली. आपण काय करतो ते आपल्यालाच बघायचं असल्यासारखी वाजवू लागली. मोकळी तार म्हणजे बोट न ठेवता वाजणारी तार. तिच्या बऱ्याचशा गाण्यांत दर दोन-चार सुरांनंतर मोकळी तार यायची आणि तेवढा वेळ डावा हात रिकामा असायचा. सूर उतरवल्यापासून ती मोकळ्या तारेचा सूरही दोन घरं पुढे बोट दाबून काढत होती. गाणं सुरू झालं की संपेपर्यंत हाताला सुट्टी नाही.

"म्हणजे ताण कमी करायला गेलीस," मी म्हटलं, "आणि विसावा घालवून बसलीस."

"ताई, आत्ता बोलू नकोस."

तपासणी तोंडावर आली होती, आणि इतके दिवस तिनं स्वतःच्या हातानं तोच हात आणखी दमवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वाद्यांच्या दुकानात गेलो. विक्रेता उत्साही. "या घ्या, गुळगुळीत आहेत, बोटाला एकदम मऊ."

मी म्हटलं, "घेऊन टाक."

"ताई, बोटाला मऊ लागली म्हणजे ओढ हलकी असं नाही," बहीण म्हणाली. "यातल्या कितीतरी चांगल्या ताठ असतात. गोड बोलणारा नवरा घरकाम करतोच का?"

"तुला काय ठाऊक नवऱ्यांचं?"

"तुझाच बघितला की."

काही पाकिटांवर प्रत्येक तारेचा ताण छापलेला असतो. मी चष्मा लावून वाचायचं, भूकंपानं पाकिटं धरायची, असं चाललं. गिटार तीच, सूर तोच, तर ओढ कमी हवी असेल तेव्हा तार हलकीच हवी. त्यात काही जादू नाही. पण बहीण एकेक पाकीट उचलून परत ठेवत होती.

"आवाज डब्यातल्या माशीसारखा येईल."

"येऊ दे," भूकंप म्हणाला. "माशी तर माशी. मला ऐकू आली म्हणजे झालं."

शेवटी तिनं अगदी हलक्या नाहीत, पण जुन्यांपेक्षा बऱ्याच हलक्या अशा तारा घेतल्या. घरी लावल्या, नेहमीच्या सुरात जुळवल्या आणि छेडल्या. चारही तारा खडखडल्या, चमच्यांचा खण ओढावा तशा. ती पांढरीफटक पडली.

"बोटं दाबतच नाहीत गं. संपलं बहुतेक."

बोटांचा त्यात काही दोष नव्हता. वाद्यं दुरुस्त करणाऱ्यानं गिटार डोळ्यासमोर आडवी धरली आणि सांगितलं की जाड तारा एवढी वर्षं गिटारची मान पुढे ओढत होत्या. ओढ कमी झाली, मान मागे गेली आणि तारा खाली टेकल्या. मानेच्या आत एक सळई असते, ती त्यानं थोडी सैल केली. आवाज स्वच्छ झाला, पण बहिणीनं सवयीनं उजव्या हातानं तार जोरात ओढली की पुन्हा खडखड. हलकी तार हलक्या हातानंच छेडायला हवी. आणि हलक्या हातानं छेडली तर हॉलमध्ये ऐकू यायला मशीनचा आवाज वाढवायला हवा.

ते बटण मास्तरच्या हाताशी.

तालमीच्या दिवशी मी सोबत गेले. हॉलच्या मागच्या खोलीत रचून ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये उभं राहून तिनं मास्तरला सांगितलं, "माझा आवाज वाढवावा लागेल. माझा हात आजारी आहे." दोनच वाक्यं. त्यासाठी ती आदल्या दिवसापासून जेवली नव्हती.

मास्तरचे डोळे तत्काळ भरून आले. मला ट्रम्पेटवाला आठवला.

"तुमच्यासारखी कलावंत..." त्यानं सुरुवात केली.

"भाषण नको," बहीण म्हणाली. "बटण फिरव."

त्यानं फिरवलं. तिनं वाजवलं. माशी नव्हती. पूर्वीइतका जाडजूड नाही, पण खर्जच होता. मास्तर ऐकत राहिला आणि मग त्यानं निर्णय घेतलाच. पूर्वार्ध तिचा, उत्तरार्धात त्याची पुतणी वाजवेल. पुतणी नुकतीच संगीताचं शिक्षण संपवून आली होती आणि काम शोधत होती.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढचं हात ठरवेल," मास्तर म्हणाला. याला मी उत्तर देणार होते, बहिणीनं माझी बाही ओढली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तीच दांडी दिली. तिनं दाबली. मी काट्याकडे बघू शकले नाही, भिंतीवरच्या हाडांच्या चित्रातल्या कवटीकडे बघत बसले.

"तेवढीच आहे," डॉक्टर म्हणाले. "घटली नाही."

"वाढली?"

"नाही."

आम्ही जिना उतरलो. आनंद करायचा की नाही ते दोघींनाही कळत नव्हतं. खालच्या पायरीवर ती म्हणाली, "तेवढीच म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत चालू." आणि पुढच्या खेपेची धास्ती तिथूनच सुरू झाली.

त्या आठवड्याच्या कार्यक्रमात पूर्वार्ध तिनं वाजवला. गाणी कुठली झाली ते मला विचारू नका, मी फक्त एक करंगळी बघत होते. एकदा ती तारेपर्यंत पोचलीच नाही. सूर पडला, भूकंपानं तिथे ढोल घालून झाकला, लोक खात राहिले.

मध्यंतरानंतर बहीण येऊन माझ्या शेजारी बसली. डावा हात मांडीवर, पालथा. पुतणी वाजवू लागली. चांगली वाजवत होती, वाईट म्हणायला जागा नव्हती, आणि ते ऐकणं बहिणीला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. हळूहळू मात्र तिची मान पुढे गेली आणि ती गिटारऐवजी त्या मुलीच्या मनगटाकडे बघू लागली.

"ताई, किती दाबतेय बघ."

"चांगलं वाजतंय की."

"वाजतंय गं. माझंही वाजत होतं."

कार्यक्रम संपला. मुलीला शाबासकी द्यायला मास्तर निघाला होता, त्याच्या आधी ही मंचावर पोचली. मला वाटलं, आता भांडण.

"तारा कुठल्या लावल्यास?"

मुलगी खूश झाली. "सगळ्यात जाड, मावशी! तुमच्या पूर्वीच्या होत्या ना, त्याच. काकांनी सांगितलं."

बहिणीनं खिशातला उजवा हात काढला, मुलीचा डावा हात धरला आणि तिची करंगळी हळूच मागे वाकवून पाहिली.

"इथे दुखतं?"

"नाही." मग जरा थांबून, मास्तरकडे चोरून बघत, "थोडंसं. वाजवल्यावर."

"उद्या संध्याकाळी घरी ये," बहीण म्हणाली. "गिटार घेऊन ये. आणि काकाला आधी सांगू नकोस, तो रडेल."