रगतपित्याचा नमस्कार

परशुराम म्हणजे आमच्या मिठबावातला माडावर चढणारा माणूस. कोणाचेही नारळ पाडायचे असले की त्यालाच हाक जाते. अंगाने काटकुळा, आवाज चिरका, आणि काहीही विचारलं की आधी हसणार, मग बोलणार. असल्या माणसाचा कोणी हेवा करील का? मी केला. पोटभर केला.

कारण सांगतो. गावात लग्नांचे व्हिडिओ काढणारा मिहीर आहे, त्याने मागे एक पिच्चर काढला, 'रगतपित्या'. इंग्रजी पिच्चरात रक्त पिणारा व्हँपायर असतो ना, तो ह्याने आमच्या माडांच्या बागेत आणून सोडला. तो व्हँपायर मी, धोंडू! दशावतारात उभा जन्म राक्षस केले. मी आरोळी ठोकली की पुढची पोरं आईच्या पदरात शिरायची. पिच्चर मोबाइलवर गावोगाव पोचला. कुणकेश्वरच्या जत्रेत लोक बोट दाखवायचे, "तो बघ रगतपित्या!" बायको लाजायची, आणि मी मुद्दाम परत त्याच वाटेने जायचो.

मग मिहीरला दुसरा भाग काढायची हुक्की आली. ह्या खेपेला म्हणे मारामारी, उड्या, माडावरून झेप. माझा गुडघा पायरी बघूनच कुरकुरतो. "काका, आता परशुराम करतलो," मिहीर म्हणाला. शिरा पडो तुझ्या तोंडार! मी त्याच्यासमोर हसलो आणि घरी येऊन जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी परशुराम विचारायला आला. "धोंडूदा, रगतपित्या चलता कसो, बघता कसो, माका जरा दाखव मरे."

"माका आता आठवणा नाय," मी म्हटलं. साफ खोटं.

पिच्चर तयार झाला, देवळासमोर पडदा लागला. मी मागे बसलो, खोड काढायच्या तयारीनेच. बघतो तर काय, चाल माझी! मान वाकडी करून बघणं माझं. ओठांवरून जीभ फिरवणं, तेही माझं! आरोळी मात्र मांजराची. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आपटणार हा पिच्चर, पहिल्याची सर ह्याला कुठली!

तेवढ्यात पडद्यावर मितेश, म्हणजे पिच्चरचा हिरो, कोयता घेऊन रगतपित्याच्या मागे लागला. रगतपित्या पळत माडाशी आला आणि थांबला. बुंध्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग सरसर वर गेला. रोजची सवय हो! नमस्कार केल्याशिवाय परशुराम माडाला पाय लावत नाही. सगळा गाव खो-खो हसला. "अरे, रगतपित्या पाया पडता!" सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

शेवटी मितेशने त्याला त्याच माडाखाली गाठलं. वार बसला. रगतपित्या कोसळला, आणि पडल्या पडल्या त्याचा हात चाचपडत बुंध्याकडे गेला. बुंध्याला लागला. कपाळापर्यंत काही पोचला नाही.

कोणी हसलं नाही. माझ्या पुढ्यात बसलेली यशोदाकाकी पदर तोंडाला लावून रडत होती. "मेल्यांनो, कित्याक मारलात तेका!"

पहिल्या पिच्चरात मी मेलो होतो तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. त्या शिट्ट्यांचा मला केवढा तोरा! आणि ह्याच्यासाठी काकी रडते? जळून खाक झालो मी.

सकाळी परशुराम आमचे नारळ पाडायला आला. वाटेत गावाने त्याला डोक्यावर घेतलेलं, तरी हा माझ्या तोंडाकडे बघत उभा. "धोंडूदा, खरा सांग. तुझ्या पयल्याची सर इली काय?"

"नाय," मी म्हटलं. "सगळा माझाच उचललंस."

त्याला राग यावा म्हणून बोललो होतो. तो हसला. "मगे? तू दाखवलंस नाय, म्हणान मोबाइलार तुझोच पिच्चर परत परत बघलंय. फक्त तो नमस्कार चुकान झालो. लोक हसले. मिहीराक सांगलंय, मोबाइलार सोडूच्या आधी दोनय नमस्कार काढून टाक. तुझो रगतपित्या खंय कोणाच्या पाया पडता?"

मी गप्प राहायचं, एवढंच तर करायचं होतं. नमस्कार गेला असता, काकीचं रडणं गेलं असतं, आणि उरला असता तो मीच, जरा बारीक आवाजातला.

परशुरामने बुंध्याला हात लावला, कपाळाला लावला आणि चढायला लागला. तो पार झावळांत पोचला. मग मी दशावतारातली आरोळी ठोकली, शेजारचे कुत्रे भुंकायला लागले.

"परश्या! तो नमस्कार काढलास तर बघ! सगळ्या पिच्चरात तेवढोच तुझो आसा. आणि तेवढोच माझ्यापेक्षा बरो आसा!"

वर तो आधी हसला. मग बोलला, "बरा."

मेल्याचा अजून हेवा वाटतो.