इस्त्रीवाल्या मिस्त्रींची शपथ

आमच्या ह्यांना सगळा रस्ता 'इस्त्रीवाले मिस्त्री' म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. ट्रक दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या शर्टाला कडक इस्त्री असते हे मी लग्नानंतरच पाहिलं, आणि ती इस्त्री मी करायची असते हे दुसऱ्या दिवशी कळलं. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याभोवती खडूने रेघ मारलेली. पाना जागेवर नसला की भिंतीवर नुसतं त्याचं चित्र राहतं आणि ह्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. नटबोल्टचे डबे उंचीप्रमाणे, ग्रीसचा डबासुद्धा बाहेरून पुसलेला. घरी मात्र ओला टॉवेल पलंगावर. तिथली टापटीप माझ्या वाट्याला.

पण हाताला गुण आहे, हे मी भांडतानाही कबूल करते. आणि त्या हाताचं सगळ्यात देखणं काम म्हणजे प्लगच्या वायरी. इंजिनात ठिणगी पडायला प्रत्येक प्लगला एक जाड वायर जाते. दुसऱ्या गॅरेजांत त्या कशाही लोंबत असतात. आमचे हे त्या सगळ्या जवळ घेतात आणि चार-चार बोटांच्या अंतरावर मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ मारून वेणी घातल्यासारख्या बांधतात. पोटच्या पोरीची वेणी जन्मात कधी घातली नाही, ती गोष्ट वेगळी.

तर ह्या माणसाच्या नशिबी रोपवाल्या बाईंचा ट्रक आला. बाई रोपवाटिका चालवतात, ट्रक स्वतः हाकतात आणि बोलतात ते थेट तोंडावर. ट्रक जुना, पेट्रोलवर चालणारा, आठ सिलेंडरचा. आमच्याकडे एरवी चार सिलेंडरवाल्या गाड्या यायच्या, आठवाला हा पहिलाच. जागेवर उभा असला की शहाण्यासारखा घुरघुरायचा. टेकडीचा चढ लागला की मिसिंग सुरू. फट्, फट्, फटाक! उचकी लागल्यासारखा सगळा ट्रक हादरायचा आणि मागे कुंड्या आडव्या.

"दोन तासांचं काम," हे म्हणाले. प्लग बदलले, वायरी नव्या घातल्या, नीट बांधल्या. बाई गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. मग कार्बोरेटर उघडून साफ केला. मग पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. मग वायरींचा आणखी एक नवा संच आणला आणि तो तर आधीपेक्षाही सुंदर बांधला. पाचव्या खेपेला बाई चिडल्यासुद्धा नाहीत. चार गिऱ्हाइकांसमोर हलक्या आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, जमत नसेल तर सांगा हो. मी नाही रागावणार."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"शनिवारपर्यंत दोष मला सापडला नाही," हे म्हणाले, "तर सोमवारपासून हे गॅरेज माझं नाही!"

झालं! आता आमच्या ह्यांची शपथ म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा. शेजाऱ्याने सायकल दारात लावली म्हणून 'तुझ्याशी बोलणार नाही' म्हणाले होते. सायकल गंजून मोडीत गेली, शेजारी दोनदा आजारी पडून उठला, तरी बोलले नाहीत. पेरू पाठवले, पण बोलले नाहीत.

"आणि मग आपण करायचं काय?" मी घरी विचारलं.

"मुलीकडे राहायचं."

मुलीचं घर दोन खोल्यांचं. तिथे हे तिचे डबे उंचीप्रमाणे लावणार आणि आठवड्यात जावई घर सोडून जाणार. मी मनातल्या मनात हसले. पण मागे पाठीच्या दुखण्याने हे महिनाभर घरी होते. पहिल्या दोन दिवसांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. पुढचे अठ्ठावीस दिवस हे आपल्याच हातांकडे बघत बसले. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. बघवलंच नसतं.

गुरुवारी ह्यांनी ठिणगीची नवी कॉइल बसवली आणि वायरी बांधायला दोरा शोधू लागले. दोरा नाही! तो मी कपडे वाळत घालायची काठी बांधायला नेला होता. अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला आहे. हे आरडाओरडा करत वायरी तशाच मोकळ्या सोडून ट्रक काढून निघाले आणि उरलेलं भांडण ऐकायला मला शेजारी बसवलं. टेकडीचा चढ लागला. ट्रक हूं नाही की चूं नाही, सरळ वर!

"कॉइल!" हे ओरडले. "मेली कॉइलच होती!" आणि भर रस्त्यात माझा हात धरला. लग्नातसुद्धा इतक्या जोरात धरला नव्हता.

घरी आल्यावर मी भोळेपणाने दोरा परत दिला. ह्यांनी वायरी छान बांधल्या, फडकं फिरवलं आणि बाईंना बोलावून ट्रक दिला. अर्ध्या तासात फट्, फट्, फटाक करत ट्रक दारात हजर. बाईंनी किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली आणि चालत घरी गेल्या. रात्री हे जेवले नाहीत.

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण भाजी बिघडली तर शेवटी काय घातलं ते आठवावं, एवढं कळतं. कॉइल तीच, प्लग तेच, पेट्रोल तेच. मध्ये फक्त दोरा आला.

शुक्रवारी मी म्हटलं, "अहो, तो दोरा काढून बघा ना."

"दोऱ्याने इंजिन मिस मारतं होय गं? उद्या म्हणशील सीटकव्हरने मारतं!"

बरं बाबा. शनिवारी सकाळी हे आंघोळीला गेले तशी मी शिवणाची कात्री घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि कच्चाकच सगळ्या गाठी कापल्या. बॉनेट लावलं आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. हे आले तशी म्हटलं, "आधी टेकडीवर चला, शेवटचं एकदा."

ट्रक लोण्यासारखा चढला. माथ्यावर ह्यांनी तो थांबवला, खाली उतरले, बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. ह्यांनी खिशातून दोरा काढला, वायरी बांधल्या आणि ट्रक खालून पुन्हा वर आणला. फटाक. दोरा सोडला, पुन्हा आणला. गप्प. असं तीनदा केलं. पक्का मिस्त्री तो, एका खेपेवर विश्वास कसा ठेवेल?

"ह्या आठवाल्या इंजिनात शेजारचे दोन सिलेंडर लगोलग पेटतात, चारवाल्यात मध्ये जास्त वेळ असतो," हे हळूच म्हणाले. "त्यांच्या वायरी मी चिकटवून बांधल्या. चढावर जोर लागला की एकीचा करंट दुसरीत उतरतो आणि ठिणगी अवेळी पडते. मूळचा बिघाड पहिल्याच दिवशी बरा झाला होता गं. पुढचा सगळा माझा."

बाईंनाही ह्यांनी जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. बाई खो खो हसल्या आणि ट्रक घेऊन गेल्या. मी म्हटलं, सुटलो एकदाचे.

कसले सुटतोय! हे किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "दोष मला सापडला नाही. तुला सापडला. शपथ म्हणजे शपथ."

मी रागावले, समजावलं, शेवटी रडलेसुद्धा. हा माणूस ऐकेल तर शपथ! रविवारभर किल्ल्या तिथेच पडून होत्या. सोमवारी मीच त्या उचलल्या, जाऊन शटर वर केलं आणि ह्यांच्या खुर्चीत बसले. काय करायचं ते काही सुचत नव्हतं.

बरोबर आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, डबा हातात घेऊन हे दारात उभे.

"मालकीणबाई, मिस्त्रीची जागा आहे का?"

माझा जीव भांड्यात पडला. पण इतक्या वर्षांत अशी संधी पुन्हा कुठली यायला? मी चष्मा लावला.

"अनुभव?"

"चाळीस वर्षं."

"चुका?"

आयुष्यात 'चुकलं' हा शब्द तोंडातून न काढलेला हा माणूस खाली फरशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक कळलीय. बाकीच्या तुम्ही दाखवाल तशा."

ठेवून घेतलं. करते काय?